टेकडीवरचा वरवंटा

शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमधल्या मराठी घरांत बारसं ठरलं की एक अडचण हमखास येते. वरवंटा आणायचा कुठून? बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवायचा, त्याला टोपडं घालून बाळासारखं नटवायचं आणि पाळण्याखालून या हातातून त्या हातात द्यायचा, ही आपली रीत. पण पाटा-वरवंटा विमानात घालून कोण आणतो? मग कुणी लाटणं गुंडाळतं, कुणी खलातला बत्ता काढतं. एका बारशाला तर स्टीलची पाण्याची बाटली टोपडं घालून पाळण्याखालून गेली. अशा वेळी गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. घरी येताना गाडीत मी त्या बाटलीवरून यथेच्छ तोंडसुख घेतलं.

मागच्या सीटवर माझी लेक होती. तिने विचारलं, "मग व्हॉट शुड दे यूज, आई?"

"दगड," मी म्हटलं. "लांबट, गुळगुळीत, मुठीत मावेल असा. बाळ तसं दणकट व्हावं, टिकावं, म्हणून तर वरवंटा."

नवऱ्याने गाडी चालवता चालवता माझ्याकडे एकदा पाहिलं, तेव्हा मी काय बोलून बसले ते माझ्या लक्षात आलं.

आदल्या वर्षी लेकीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. हॉस्पिटलमधल्या लोकांनी सगळं हळुवारपणे केलं, आम्हाला काही बघावं-करावं लागलं नाही. आणि तेच बहुतेक चुकलं. आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो आणि त्या बाळाचं नाव कुणी काढेना. नाव तरी कुठे होतं त्याला? तिसऱ्या महिन्यातच मी हौसेने पांढऱ्या लोकरीचं टोपडं विणून तिला दिलं होतं. ते कुठे गेलं हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आता तिला पुन्हा दिवस होते. पाचवा महिना सरला तेव्हा आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, लेक आणि जावई, एकमेकांची नजर चुकवत जेवत होतो. पाचवा सरून सहावा लागला तरी तिने बाळासाठी एक मोजासुद्धा घेतला नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायची, "लेटर." मीही सुया हातात घेतल्या नाहीत. भीती वाटायची, दुसरं काय. मी विणायला बसले आणि पुन्हा तसंच झालं तर?

त्यात हा डेन्मार्कचा बेत निघाला. जावई मूळचा तिकडचा. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, समुद्राकाठच्या डोंगराळ भागात एकट्या राहतात. आयुष्यभर दातांची डॉक्टरकी केली, आता मेंढ्या आणि गुलाब बघतात. त्यांनी सगळ्यांना आग्रहाने बोलावलं. मी लेकीला म्हटलं, या दिवसांत एवढा प्रवास कशाला? डॉक्टरने परवानगी दिली आहे म्हणाली. मी अजून काही म्हणणार, तेवढ्यात तिने हात जोडले. "आई, प्लीज. डोन्ट स्टार्ट."

डेन्मार्क सपाट आहे असं मी ऐकून होते. विहीणबाईंचा तो कोपरा मात्र नुसता चढउतारांचा निघाला. झाडं कमी, गवताच्या टेकड्या एकीला लागून एक, मध्ये वाकडीतिकडी पायवाट आणि तिन्ही बाजूंना समुद्र. वारा असा की पदर काय, ओढणीसुद्धा अंगावर ठरेना. निघायच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी आम्हाला तिथल्या सगळ्यात उंच टेकडीवर नेलं. वर पोचलो तर माथ्यावर तीन गोल उंचवटे, गवताने मढलेले, एकाशेजारी एक. पुण्यात टेकडीवर पाण्याच्या टाक्या बांधतात आणि वर माती टाकून गवत लावतात, तसंच काहीतरी असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. नवऱ्यालाही तसं सांगितलं. मला माहीत नसलेली गोष्टसुद्धा मी ठासून सांगते, असं तो म्हणतो.

मधल्या उंचवट्यावर चढून आम्ही डबे उघडले. मी पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. विहीणबाईंनी काळा पाव आणला होता. लेक मात्र वर आली नाही. "यू गाईज ईट, मी थोडी पडते," असं म्हणून ती खालच्या अंगाला, वारा लागत नव्हता तिथे, कुशीवर आडवी झाली. तिथे मेंढ्यांनी अंग घासून घासून गवत उकरलं होतं आणि माती उघडी पडली होती. वरून मला तिची पाठ दिसत होती. एक हात गवतात खुपसलेला. झोप लागली असेल म्हणून मी हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने ती वर आली. डोळे लाल होते, ते मी वाऱ्यावर ढकललं. नखांत माती गेलेली पाहून मात्र मी ओरडले आणि बाटलीतल्या पाण्याने तिचे हात धुवून दिले, अगदी शाळकरी पोरीचे धुवावेत तसे. मग तिने जॅकेटच्या खिशातून एक दगड काढला. करड्या रंगाचा, लांबट, एका बाजूला जरा निमुळता. मुठीत घेतला की जागच्या जागी बसेल असा.

"आई, तू तो वरवंटा म्हणत होतीस ना? हा चालेल?"

स्वतःच्या बाळाच्या बारशाची गोष्ट तिच्या तोंडून पहिल्यांदाच येत होती. मी तो दगड दोन्ही हातांत घेतला, धुतला, ओढणीने पुसला आणि म्हटलं, "चालेल काय, असा वरवंटा अख्ख्या शिकागोत नाही कुणाकडे." ती हसली. इतक्या महिन्यांनी तिला तसं हसताना पाहून मी शेजारच्या मेंढीलासुद्धा पुरी दिली असती.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात संध्याकाळ आणि बाहेर लख्ख ऊन असताना, आम्ही दोघी विहिणी आणि नवरा अंगणात कॉफी घेत बसलो होतो. लेक आणि जावई आत सामान भरत होते. मी सहज विचारलं, त्या टाक्यांतलं पाणी सगळ्या गावाला पुरतं का?

"टाक्या?" विहीणबाई म्हणाल्या. "ती थडगी आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीची तरी असतील. आम्ही लहानपणी बर्फ पडला की त्यांच्यावरून घसरगुंडी खेळायचो. माझे वडील सांगायचे, फार आरडाओरडा करू नका, खाली माणसं झोपली आहेत." आणि त्यांनी माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

मी कप खाली ठेवला. मी देवभोळी नाही. उपास करत नाही, सोवळं-ओवळं पाळत नाही, तीस वर्षं शिकागोत लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासण्यात घालवली. पण त्या क्षणी त्यातलं काही उपयोगाला आलं नाही. पोटुशी बाई मर्तिकाच्या घरावरूनसुद्धा जात नाही, गेली तर माझी आई तिला दारातच थांबवून पाय धुवायला लावायची. आणि माझी पोर, एक बाळ गेलेली पोर, पोटात दुसरं घेऊन भर दुपारी थडग्यावर पडून आली होती. वर मी तिथे बसून पुऱ्या खाल्ल्या. आणि तिथला दगड आम्ही घरी नेत होतो, पाळण्यात ठेवायला.

मी उठले आणि डोक्यावरून आंघोळ केली. मग सगळ्यांना करायला लावली. गवतात गोचिडी असतात, त्या चावल्या तर केवढे आजार होतात, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणून माझा आवाजही कापला नाही. नवरा टॉवेल घेऊन जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "तीन हजार वर्षांनी सुतक फिटतं गं." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट बाथरूममध्ये गेला.

दगडाचं काय करायचं? पहाटे निघायचं होतं, टेकडीवर परत जाणं शक्य नव्हतं. गुपचूप काढून अंगणात टाकावा म्हणून मी लेकीच्या खोलीत गेले, तर ती बॅगेसमोर जमिनीवर बसून तो दगड आपल्या मऊ स्वेटरमध्ये गुंडाळत होती आणि जावयाला बारसं समजावून सांगत होती. "देन दे पास इट अंडर द क्रेडल, लाईक अ बेबी." तो ऐकत होता, तोंड उघडं टाकून. त्या घडीला मी काय सांगणार होते? हा फेकून दे, हा प्रेताजवळचा आहे? बाळासाठी तिने घेतलेली ती पहिली वस्तू होती. मी दारातूनच मागे फिरले.

शिकागोच्या विमानतळावर सामान पट्ट्यावर फिरत येईपर्यंत मी मनातल्या मनात पकडली जात होते. कुणीतरी बॅग उघडेल, हा कुठला दगड विचारेल, काढून घेईल. खरं सांगायचं तर काढून घेतला असता तर मी त्या माणसाचे पाय धरले असते. कुणी विचारलं नाही.

दगड लेकीच्या बेडरूममध्ये ड्रेसरवर जाऊन बसला. तिचं घर आमच्यापासून दोन सिग्नलांवर. मी रोज डबा घेऊन जायची आणि रोज त्या ड्रेसरकडे पाठ करून बसायची. हळूहळू दगडाभोवती एकेक वस्तू जमू लागली. आधी मोजे, मग दुपटी, मग पिवळी बदकं असलेला शर्ट. ती आनंदात येत होती आणि माझा जीव जास्तच टांगणीला लागत होता. एका दुपारी ती झोपलेली असताना मी मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली. आयुष्यात पहिल्यांदा. तव्यावर मिरच्या टाकल्या आणि छतावरचा स्मोक अलार्म असा केकाटायला लागला की ती धडपडत बाहेर आली. मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होते.

"आई! व्हॉट आर यू बर्निंग?"

"फोडणी जळली," मी म्हटलं.

आठवा महिना निम्मा झाला असेल. जेवणं होऊन मी भांडी घासत होते आणि तिचा फोन आला. जावई शिकागोत ऑफिसला गेलेला. ती अगदी सावकाश बोलत होती, आणि त्यानेच मला जास्त धडकी भरली.

"आई, बाळ हलत नाहीये. सकाळपासून. मी ज्यूस प्यायले, डाव्या कुशीवर झोपले. नथिंग."

साबणाच्या हातांनीच मी गाडीची किल्ली उचलली. तिला धरून गाडीत बसवलं, तिची पर्स आणायला परत आत गेले, आणि समोर ड्रेसरवर तो बसलेला. मोज्या-दुपट्यांच्या मधोमध, ऐटीत. मला इतका राग आला. मी तो उचलला आणि माझ्या पर्समध्ये कोंबला. हॉस्पिटलच्या वाटेवर एक तळं लागतं, ऑफिसच्या इमारतींपुढे खोदलेलं, कायम बदकांनी भरलेलं. तिथे गाडी हळू करायची, काच खाली करायची आणि फेकायचा, असं मी ठरवलं. तळं आलं. सिग्नल लाल होता, गाडी थांबलीसुद्धा. मी शेजारी पाहिलं. तिने दोन्ही हात पोटावर असे धरले होते, कुणीतरी हिसकावून नेईल असे. ओठ हलत होते. मला काच खाली करता आली नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि मी निघाले.

हॉस्पिटलात लगेच आत घेतलं. नर्सने पोटावर पट्टे बांधले आणि ठोके शोधायला लागली. इकडे लावलं, तिकडे लावलं, जेल आणखी ओतलं. खरखर ऐकू येत होती, नुसती खरखर. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स पोटाशी धरून बसले होते आणि तो दगड मला फासळ्यांत टोचत होता. मागच्या वेळी असंच झालं होतं. अशीच नर्स, असाच चेहरा, काही न सांगणारा. लेक छताकडे बघत होती. मी मनात कुणाकुणाला नवस बोलले ते आठवत नाही, पण त्या टेकडीखाली झोपलेल्यांनाही हात जोडले एवढं आठवतं. आमचं चुकलं, परत आणून देते, हिला सोडा.

मग ठोके लागले. धावत्या घोड्यासारखे म्हणतात तसे नाहीत, दमून चालल्यासारखे. नर्स म्हणाली, आहेत, पण जरा मंद आहेत, डॉक्टर बघतील, इथेच ठेवावं लागेल. ती बाहेर गेली. मी उठायला गेले आणि पर्स मांडीवरून पडली. दगड ठप्पकन फरशीवर आपटला आणि गडगडत पलंगाखाली गेला.

लेकीने मान वळवली. "तो इथे काय करतोय?"

मला खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. मी रडायलाच लागले. "फेकणार होते मी. तळ्यात. बाळा, तो थडग्यावरचा आहे गं. त्या टाक्या नव्हत्या. तिथे माणसं पुरलेली आहेत. तू तिथे झोपलीस, तो दगड तू घरी आणलास, तुझ्या आनंदावर विरजण नको म्हणून मी बोलले नाही, आणि आता हे…"

"आय नो," ती म्हणाली.

"काय नो?"

"मला माहीत होतं, आई. आम्ही वर चढत होतो तेव्हाच तुझ्या जावयाने सांगितलं होतं. म्हणून तर मी तिकडे गेले." तिने मशीनच्या ठोक्यांकडे कान दिला. "तू विणलेलं टोपडं. पांढरं. ते मी नेलं होतं. वर्षभर पर्समध्येच असायचं. मी ते तिथे पुरलं. जिथे शीपनी खणलं होतं ना, तिथे, आत, हात जाईल तेवढं आत. आपल्याला त्या बाळाला कुठे ठेवताच आलं नाही. तिथे इतकी माणसं आहेत. कुणीतरी बघेल त्याच्याकडे. आणि आत हाताला हा लागला. मला वाटलं, त्यांनी दिला. एक्स्चेंज."

गवतात खुपसलेला तो हात. नखांतली माती, जी मी रागावून धुतली होती. मी पलंगाखाली वाकले, गुडघ्यांवर बसून तो दगड बाहेर काढला आणि आधी माझ्या गालाला लावला, मग तिच्या हातात दिला. तिने तो पोटाच्या पट्ट्यापाशी धरून ठेवला. जावई धापा टाकत आला तेव्हा आम्ही दोघी तशाच होतो. भीती गेली नव्हती. पण तोवर मी त्या दगडाला भीत होते, आता आम्ही तिघं मिळून भीत होतो.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सिझेरियन केलं. मुलगी झाली. लहानखुरी, लालबुंद, आणि रडायला लागली तर दाराबाहेर ऐकू येईल एवढा आवाज. काही दिवस काचेच्या पेटीत होती. त्या दिवसांत मी खुर्चीत बसून सुया हातात घेतल्या. एक टाका घालायची आणि पेटीकडे बघायची.

बारशाला विहीणबाई डेन्मार्कहून आल्या. हॉलमध्ये पाळणा टांगला, आमच्या ओळखीच्या सगळ्या काकू-मावशा साड्या नेसून जमल्या. वरवंट्याचं काय केलंत, म्हणून एकीने विचारलंच. मी टोपडं घातलेला दगड पुढे केला. "अगं बाई, खरा दगड! आणि टोपडंही बाळासारखंच! हौस बघा आजीची," असं म्हणून सगळ्या हसल्या. एकाच पांढऱ्या लोकरीची दोन टोपडी मी विणली होती, एक मोठं आणि एक लहान, टेकडीवर पुरलेल्या टोपड्याच्या मापाचं. रीत म्हणून कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

पाळण्याच्या पलीकडे विहीणबाई हात पुढे करून बसल्या होत्या. मी दगड उचलला आणि तसाच धरून बसले, एवढ्या बायकांसमोर. लेक शेजारीच होती. तिने माझ्या हाताखाली आपला हात धरला आणि हळूच म्हणाली, "डोकं सांभाळ, आई."

मी डोकं सांभाळलं आणि त्याला पाळण्याखालून त्याच्या दुसऱ्या आजीकडे दिलं.